चोविसावा गुरू

घराच्या वळचणीला गांधीलमाशीचं पोळं लागलं आहे ही बातमी गावात फुटायला फार वेळ लागत नाही. ती फुटली, की ज्यांनी उभ्या आयुष्यात आपल्या घरातलं जळमटही काढलेलं नाही अशी माणसं अंगणात येऊन, मान वर करून, कमरेवर हात ठेवून उभी राहतात. आमच्या चांदीपमध्ये सल्ला हा चहाच्या आधी येतो आणि चहा संपल्यावरही उरतो. एक म्हणाला, रात्री चूड पेटवून लावा, दुसरं काही चालायचं नाही. दुसऱ्यानं रॉकेलचा बोळा सुचवला आणि रेशनवर आता रॉकेल कुठे मिळतं, असं स्वतःच विचारून तो जो सरकारवर घसरला तो पोळ्याकडे परत आलाच नाही. तिसऱ्याचा भरवसा फवाऱ्याच्या डब्यावर. शिवाय प्रत्येकाच्या पोतडीत डंखाची एक तरी गोष्ट असतेच. कुणाच्या मामाचा डोळा सुजून बंद झाला होता, कुणाचा नवरदेव सुजल्या ओठानं मंगलाष्टकांना उभा राहिला होता. या गोष्टींमधल्या माश्या दरवर्षी थोड्या मोठ्या होत जातात. उतारा मात्र सगळ्यांचा एकच: डंखावर लोखंड घासायचं, नाहीतर चुना लावायचा. माझ्या लहानपणी लोखंड म्हणजे कोयत्याची पाठ असायची. आता खिशातून दुचाकीची किल्ली निघते.

आमच्या पोळ्यानं निवडलेली जागा पडवीच्या पत्र्याखाली, विजेच्या मीटरच्या बरोबर वर होती. मीटरचा फोटो काढायला येणाऱ्या मुलानं अंगणातल्या तुळशीपाशी उभं राहून, हात लांब करून फोटो काढला. त्यात मीटर सोडून बाकी सगळं घर आलं होतं, म्हणे. त्या महिन्याचं बिल अंदाजपंचे आलं आणि ते नेहमीपेक्षा कमी आलं. त्यामुळे पोळं तातडीनं काढायला हवं हे मत घरात कुणी फारसं लावून धरलं नाही.

आमचं गाव विरारच्या पूर्वेला, अहमदाबादचा महामार्ग ओलांडून मांडवीच्या बाजूला वळलं की लागतं. तुंगारेश्वराचा डोंगर दिसतो. २००३ साली तिथलं रान अभयारण्य झालं, तेव्हापासून बिबट्याच्या बातम्यांना जरा सरकारी वजन आलं आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. मग एका सकाळी पालघर जिल्ह्यात जागे झालो. घर जागचं हललं नाही, पाकिटावरचा पत्ता तेवढा बदलला. अशा बदलांची सूचना गांधिलींना कुणी देत नाही. पण दुसरा एक बदल त्यांच्यापर्यंत नक्की पोचला असणार. पूर्वीची घरं कारवीच्या कुडाची, शेणमाती लिंपलेली, वर कौलं. कौलांच्या टोकाखाली, भिंतीच्या बाहेर जी हातभर जागा उरायची ती घराचीही नसायची आणि अंगणाचीही नसायची. तिथे चिमण्या असत, माश्या असत, खोचून ठेवलेली इरली असत, पावसात सापडलेला एखादा अनोळखी माणूसही उभा असे, आणि त्याला कुणी ‘कोण?’ असं विचारत नसे. पागोळ्या थांबल्या की तो निघून जाई. आता स्लॅब आले. स्लॅबच्या घराची कड सुरीनं कापल्यासारखी असते. कोण आत आणि कोण बाहेर याविषयी तिथे काही संदिग्धता नसते. कुणाच्याच मालकीची नसलेली जागा विकता येत नाही, म्हणून ती बांधतही नसावेत. मग गांधिली बिचाऱ्या वातानुकूलन यंत्राच्या खोक्यामागे, पाण्याच्या काळ्या टाकीखाली, मीटरवर, जिथे म्हणून थोडीशी वळचण शिल्लक असेल तिथे जातात, आणि आपण म्हणतो, या आपल्या घरात घुसल्या.

माझं आयुष्य मुद्रितशोधनात गेलं. विरारहून लोकलनं चर्चगेटला जायचं, दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचे आणि रात्री परत यायचं. निवृत्तीनंतर माणूस वाचायला काहीतरी शोधतो. मी पडवीत खुर्ची टाकून पोळं वाचायला लागलो. सकाळी उन्हं आली की एकेक माशी उडून आमच्या फाटकावर जाऊन बसायची. फाटक सागवानी, बापूंनी म्हणजे वडिलांनी लावलेलं, रंग उडून राखाडी झालेलं. माशी त्या लाकडावर तोंड टेकून मागे मागे सरकायची. कान जवळ नेला तर बारीक करकर ऐकू यायची, कुणी दुसऱ्या खोलीत बोरूनं लिहीत असावं तशी. ती गेली की राखाडी लाकडावर एक फिकट, काडीएवढी रेघ उरायची. खरवडलेलं लाकूड लाळेत कालवून, पातळ पसरवून ती पोळ्याच्या कडेला लावायची आणि ते वाळलं की त्याचा कागद व्हायचा. चांगला, करडा, किंचित पट्टेदार कागद.

हे पाहून चकित होणारा मी पहिला नव्हे. १७१९ साली रेओम्यूर नावाच्या फ्रेंच विद्वानानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे सांगितलं, की आपण चिंध्या गोळा करकरून कागद बनवतो, पण या माश्या थेट लाकडापासून बनवतात, तेव्हा माणसालाही ते जमायला हरकत नाही. अकादमीनं माना डोलावल्या असतील. प्रत्यक्षात लाकूड दळून लगदा करायचं यंत्र यायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. म्हणजे ज्या कागदावर मी आयुष्यभर लाल शाईनं खुणा केल्या त्याची मूळ कल्पना हिची, आणि माझ्या फाटकाचं लाकूड ती फुकट नेत होती यात तिच्या बाजूनं थकबाकीच वसूल होत होती म्हणायची. तिच्या कागदावर एकही अक्षर नव्हतं. त्यामुळे चूकही नव्हती. इतकं निर्दोष पान मी नोकरीत कधी पाहिलं नाही.

या तांबूस, पोटावर पिवळी रेघ असलेल्या लहान गांधिलींचं शास्त्रीय नाव रोपॅलिडिया मार्जिनाटा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपली हयात यांच्या पोळ्यांपुढे घालवली. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देऊन तिला ओळख दिली, आणि कोण काय करते याची तास-न्-तास नोंद ठेवली. एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर १९८३ साली त्यांनी जे मांडलं ते वाचून मी खुर्ची थोडी पुढे ओढली. पोळ्यातल्या माश्यांचे ढोबळ मानानं तीन प्रकार पडतात: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन सामान आणणाऱ्या. या वर्गवारीत राणी कुठे असेल? मला वाटलं होतं भांडणाऱ्यांत. तर या जातीची राणी बसून राहणाऱ्यांत मोडते. ती कुणावर ओरडत नाही, कुणाला चावत नाही, पाहणाऱ्याला ती राणी आहे हे सुद्धा कळू नये इतकी ती गरीब. पोळं तरीही सुरळीत चालतं.

गंमत पुढेच आहे. या राणीला पोळ्यावरून उचललं, तर थोड्याच वेळात एक कामकरी माशी एकाएकी खवळते. दिसेल तिला हुसकावते, दमदाटी करते, सगळं पोळं हादरवून सोडते. पण आठवडाभरात तिचा जोर हळूहळू ओसरतो, ती अंडी घालू लागते आणि आधीच्या राणीसारखीच शांत बसून राहते. ही वारसदार कोण असणार ते शास्त्रज्ञांना आधी कितीही निरखून ओळखता येत नाही. माश्यांना मात्र ठाऊक असावं, कारण तिच्या खवळण्याला कुणी आव्हान देत नाही. २००८ साली याच विषयावर त्यांच्या प्रयोगशाळेचा एक निबंध आला. माश्यांना ठाऊक असतं हे आता आम्हाला ठाऊक झालं आहे, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. विद्वत्तेचं इतकं विनम्र शीर्षक माझ्या नजरेखालून दुसरं गेलेलं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला आजी गेली तो पावसाळा आठवला. आजी झोपाळ्यावर बसायची. ती काही काम करताना मला आठवत नाही, ओरडतानाही आठवत नाही, आणि तरी तिच्या कमरेच्या चाव्यांचा आवाज झाला की घरातली बायकामाणसं आपापल्या कामाला लागलेली असत. ती गेली तेव्हा चाव्या थोरल्या काकीकडे जातील असं बाहेरून भेटायला आलेल्या प्रत्येकाला वाटलं. घरातल्या कुणालाच वाटलं नाही. तेरावा झाल्यावर चाव्या आईच्या कमरेला दिसल्या आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पण माझी आई, जिचा आवाज कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आला नव्हता, ती पुढचे काही दिवस नुसती कडाडत होती. दूध उतू गेलं म्हणून, सरपण ओलं राहिलं म्हणून, बापू जेवायला उशिरा आले म्हणून. मी तर तिच्या वाटेला जाणंच सोडलं होतं. मग एक दिवस ते थांबलं. ती झोपाळ्यावर बसून वाती वळत होती, आणि घर चालू होतं. मी आत्याला, म्हणजे बापूंच्या धाकट्या बहिणीला, गदगकरांच्या माश्यांची ही हकीकत सांगितली. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे, आमच्याकडेच असते, आणि हल्ली त्याच झोपाळ्यावर बसते. ती म्हणाली, “अरे, चाव्या कमरेला लागल्या की पहिले काही दिवस टोचतात. वहिनीला त्या दिवसांत रडायला पण वेळ नव्हता मिळाला. मग ओरडली.” एवढं बोलून तिनं पायानं झोपाळ्याला हलकेच रेटा दिला. शास्त्रीय निबंधात हा मुद्दा घ्यायचा राहिला आहे.

पोळ्याचा निकाल आम्हाला लावावा लागला नाही. एका दुपारी मोठी गांधील आली, काळीभोर, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली. या मोठ्या जातीचं, व्हेस्पा ट्रॉपिकाचं, पोटच मुळी धाकट्या बहिणींच्या पोळ्यांवर चालतं. ती कप्पे उघडून अळ्या काढत होती आणि लहान माश्या पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला गोळा होऊन नुसत्या बघत होत्या. मग त्या निघून गेल्या. रिकामं पोळं मी पेन्सिलीनं अलगद सोडवलं. त्याला वजन असं नव्हतंच. पुढच्या महिन्यात मीटरचा फोटो स्वच्छ आला आणि मागची सगळी कसर भरून काढणारं बिलही.

गांधील ही पडवीपर्यंतची पाहुणी. कुंभारीण मात्र सरळ घरात येते, आणि येताना कुणाला विचारत नाही. मृगाचा पाऊस पडून मोरीच्या तोंडाशी चिखल झाला की तिचं काम सुरू होतं. मोहरीएवढा मऊ गोळा तोंडात धरून ती खिडकीतून आत येते, जागा ठरवते आणि गुणगुणत गुणगुणत माती थापते. ते गुणगुणणं ऐकलं की कामात रमलेला माणूसच आठवतो. तिची कंबर इतकी बारीक, की पुढची आणि मागची माशी यांच्यात केवळ पत्रव्यवहार असावा असं वाटतं. या वर्षी तिनं निवडली ती ओटीवरच्या आजोबांच्या तसबिरीची चौकट, अगदी पागोट्याच्या वर. दोन दिवसांत तिथे बोराएवढं एक मडकं तयार झालं, गोल गरगरीत, वर बाहेर वळलेला नाजूक काठ. चाक नाही, काठी नाही, भट्टी नाही. आमच्या भागात वीटभट्ट्यांना तोटा नाही आणि इमारतींनाही नाही. त्यातल्या कितींचे कागद पुरे असतात हा प्रश्न इथे कुणी मोठ्यानं विचारत नाही. तेव्हा तसबिरीवरच्या या बांधकामाला परवानगी आहे का, असं मी तरी कुठल्या तोंडानं विचारणार? निदान काम पक्कं होतं.

“हात लावायचा नाही,” आत्यानं झोपाळ्यावरून हुकूम सोडला. “कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो.”

आम्ही घरातल्या माणसांची मनोमन मोजणी केली. आत्या ऐंशीच्या पलीकडे. मी आणि बायको ज्येष्ठ नागरिकांची सवलत घेणारे. मुलगा आणि सून कॅनडात, दोन लेकरांनंतर ‘बस्स’ असं जाहीर करून बसलेली. काही दिवस मांजरीवर संशय होता, पण तीही निर्दोष ठरली. आत्याला याची फिकीर नव्हती. कुंभारीण पत्ता चुकत नाही, वेळ लागतो, एवढंच तिचं म्हणणं.

झाँ-आंरी फाब्र नावाचे दक्षिण फ्रान्समधले एक शाळामास्तर आयुष्यभर अशाच माश्यांमागे उन्हातान्हातून हिंडले. अशी मडकी हलक्या हातानं फोडून त्यांनी आत पाहिलं, तेव्हा त्यांना दिसलं ते असं: कुंभारीण मडकं बांधून झालं की आधी एकच अंडं घालते, आणि ते तळाशी ठेवत नाही. मडक्याच्या आढ्याला एका अतिसूक्ष्म धाग्यानं टांगते. मग खाली अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. अंडं वर अधांतरी लोंबत राहतं, मडक्याला धक्का लागला तर किंचित झुलतं. मी हे वाचून आत्याकडे गेलो आणि म्हटलं, “आत्या, पाळणा खरंच हलतो गं. फक्त आतल्या आत.” आत्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचा अर्थ असा होता, की एवढी साधी गोष्ट कळायला या मास्तरांना मडकी फोडावी लागली.

काही कुंभारणींचा कुळाचार वेगळा आहे. त्या मडकी करत नाहीत, मातीच्या नळ्या एकीला एक लावून वरून सगळ्यांना मिळून लिंपण घालतात. आणखी काही नुसतीच भोकं शोधतात. एकीनं आमच्या मागच्या दाराच्या कुलपात माती भरली आणि आम्हाला शेजाऱ्यांच्या कुंपणावरून घरात यावं लागलं. यात आमचा मान वाढला असं मला नंतर कळलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर अमेरिकेहून आलेली अशीच एक माशी विमानांचा वेग मोजणाऱ्या नळ्या मातीनं बुजवते. तिथल्या संशोधकांनी तशाच खोट्या नळ्या बनवून जागोजागी लावून ठेवल्या, तर ३९ महिन्यांत ९३ वेळा त्या पूर्ण बुजलेल्या सापडल्या. विमान काय आणि आमचं गोदरेजचं कुलूप काय, तिच्या लेखी दोन्ही तयार ओवऱ्याच.

मागच्या दाराआडचं असंच एक लिंपण एकदा वाऱ्यानं दार आपटलं तेव्हा गळून पडलं. मातीच्या ढेकळांतून बाहेर आले ते कोळी. लहान, हिरवट, करडे, पाय आक्रसलेले, मूठभर कोळी. मेलेले नव्हते. काडी लावली तर एखादा पाय जरासा थरथरे. डंखानं त्यांना लुळं करून ठेवलेलं असतं, मारलेलं नसतं, कारण आतल्या पिलाला ताजं अन्न लागतं आणि मातीच्या घरात फ्रिज नसतो. फाब्र मास्तरांनी १८५५ साली अशाच एका माशीबद्दल हे दाखवून दिलं, तोवर विद्वानांना वाटत होतं की ती शिकारीला काही मसाला लावून टिकवत असावी.

आणि तिथे, हातात केरसुणी घेऊन, मला आमच्या गावच्या दत्तजयंतीचं कीर्तन आठवलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदू राजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. एकनाथांनी या स्कंधावर टीका लिहिली, ती पैठणात सुरू झाली आणि १५७३ साली काशीत पुरी झाली. पृथ्वी, वारा, आकाश, समुद्र, पतंग, हत्ती, लहान मूल असं करत करत यादी शेवटाला येते आणि चोविसावा गुरू कुंभारीण. ती अळी पकडते, मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीनं अहोरात्र तिचंच ध्यान करते, आणि ध्यान करता करता स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. तसं भक्तानं देवाचं ध्यान करावं. बुवा हा दृष्टान्त रंगवायचे तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. मी गणिताच्या मास्तरांना इतका घाबरत असे, की आपण आता मास्तर होणार अशी मला दाट शंका होती.

अळी आत गेली आणि कुंभारीण बाहेर आली, हे पाहणाऱ्यानं अगदी बरोबर पाहिलं होतं. मधला तपशील तेवढा निसटला. मुद्रितशोधकाला हा अनुभव नवा नाही. मधली एक ओळ गळते, वरची आणि खालची मिळून नवंच वाक्य तयार होतं, आणि ते व्याकरणात इतकं शुद्ध असतं की हात लावावासा वाटत नाही. पण त्या दुपारी केरसुणीपुढचा ढीग पाहताना मला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. अवधूताच्या यादीत कुंभारणीच्या लगेच आधी, तेविसाव्या जागी, कोण आहे? कोळी. आपल्यातून जाळं काढतो आणि आपल्यातच मिटवून घेतो, म्हणून ईश्वराच्या सृष्टिलीलेचा दृष्टान्त. तर चोविसाव्या गुरूनं तेविसाव्याला लुळं करून, थप्पी लावून, भिंतीत चिणून ठेवलं होतं. इतकी सलग गुरुपरंपरा दुसऱ्या कुठल्या मठात असेलसं वाटत नाही.

याच कुळातल्या, जिवंत अळीच्या अंगात पिलं वाढवणाऱ्या माश्यांनी डार्विनची झोप उडवली होती. १८६० च्या मे महिन्यात एसा ग्रे या अमेरिकन स्नेह्याला त्यानं पत्र लिहिलं, की कनवाळू आणि सर्वशक्तिमान देव असं काही मुद्दाम निर्माण करील हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणजे पैठणच्या माणसाला ज्या चिखलाच्या गोळ्यात देव होण्याची वाट दिसली, त्याच घराण्याच्या कारभारापाशी इंग्लंडातल्या माणसाचा देव हरवला. दोघेही थोर, दोघेही निर्मळ मनाचे. कुंभारीण मात्र दोघांपैकी कुणाच्याही शंकेसाठी थांबली नाही, कारण तोंडातली माती वाळत होती. परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते, आणि दत्त राहतो औदुंबराखाली. आमच्या परसात उंबर आहे, त्याची फळं फोडली की उडणारी चिलटंही याच गणगोतातली. फळाच्या आत जन्मलेल्या नरांना पंख नसतात. ते बाहेर जायची वाट कोरतात आणि स्वतः आतच संपतात. पंखवाल्या माद्या त्या वाटेनं निघून जातात. कोट्यवधी माश्यांनी वाढवलेल्या झाडाखाली बसून ज्यानं एका माशीला गुरू केलं, त्यानं बहुधा नुसतं वर पाहिलं असेल.

पाळण्याची बातमीही गावात फुटलीच. पलीकडच्या घरातली सून कढीपत्ता मागायला आली. तिच्या स्वतःच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड आहे, आमच्यापेक्षा मोठं. लग्नाला बरीच वर्षं झालेली, विरारच्या डॉक्टरांकडे खेपा चालू, सासूनं वज्रेश्वरीला नवस बोललेला. हे सगळ्यांना ठाऊक, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे तिला ठाऊक. ओटीवर आली की ती तसबिरीकडे एकदाच बघायची, लगेच नजर काढायची. आत्यानं तिला कधी काही विचारलं नाही. दोघी कुंभारणीबद्दल बोलायच्या. आज ती किती वेळा आली, माती कुठून नेते, हिरवी अळी तिच्यापेक्षा लांब होती तरी कशी ओढून आणली. इतक्या जिवापाड चाललेल्या गप्पा दुसऱ्या कुठल्या कीटकाच्या वाट्याला आल्या नसतील. मी आत पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. पानं उलटायची विसरायचो.

गणपतीच्या आधी ओटी रंगवायची असं ठरलं होतं. मांडवीहून रंगारी आला, बादली ठेवली आणि पहिला हात तसबिरीकडे नेला. आत्या झोपाळ्यावरून उठली. ती उठते हीच मोठी घटना. “ते तसंच ठेवायचं,” ती म्हणाली. रंगाऱ्यानं मडक्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग नेमकी त्याच वेळी कढीपत्त्याला आलेल्या सुनेकडे. “ठेवतो की आजी. आमच्याकडं पण हात नाय लावत,” असं म्हणून त्यानं तसबिरीच्या भोवती हातभर जागा सोडून दिली. त्यामुळे आमच्या ओटीला आता तीन भिंती फिकट पिवळ्या आहेत आणि चौथीवर, आजोबांभोवती, जुन्या निळ्याचा एक चौकोन आहे. हिशेबात रंगाऱ्यानं सोडलेल्या जागेचेही पैसे लावले. सांभाळून काम करायला वेळ जास्त लागतो, हे त्याचं कारण मला मान्य होतं.

रंगाचा वास कुंभारणीला मानवला असावा. तिनं पहिल्या मडक्याला लागून दुसरं बांधलं, मग तिसरं. चौथ्याची माती येऊ लागली तेव्हा आत्या जरा गंभीर झाली. चष्मा लावून चौकटीखाली उभी राहिली, बोटं मोजली, आणि म्हणाली, “बाई गं, ही तर थांबायचं नावच घेईना.”

सून दारातच होती. आधी तिला हसू आवरता येईना, मग तिनं ते आवरलंच नाही. “आत्या,” ती म्हणाली, “मला एक पुरे. बाकीची काकींच्या नावावर करा.”

काकी, म्हणजे माझी बायको, त्या वेळी गुडघ्याला तेल चोळत बसली होती.